'चांगली सिस्टर' कशी असते, हे विचारू नका

१९४१ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या थोड्या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने विमान चालवायला शिकणाऱ्या अनेक उमेदवारांना नापास करून परत पाठवलं. त्यांपैकी एक हजार जणांबद्दल नोंदवलेली कारणं मानसशास्त्रज्ञांनी तपासली. शिक्षकांनी लिहिलेले शेरे साधारण असे होते: 'निर्णयशक्ती कमी', 'स्वभाव या कामाला योग्य नाही', 'उड्डाणाचं उपजत अंग नाही', 'प्रगती अपुरी'. हे शेरे खोटे नव्हते, पण निरुपयोगी होते. उमेदवाराने विमानात बसून नेमकं काय केलं किंवा काय करायचं राहिलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग पुढची निवड चाचणी बेतायची कशावर?

आता परिचारिकांच्या मूल्यमापनाचा कुठलाही फॉर्म काढून बघा. 'रुग्णाशी आपुलकीने वागते', 'जबाबदारीची जाणीव आहे', 'संवादकौशल्य चांगले'. शेरे तेच, फक्त गणवेश बदलला.

हवाई दलातल्या त्या कामाचं नेतृत्व करणारे जॉन फ्लॅनॅगन यांनी पुढे १९५४ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये एक सविस्तर लेख लिहून आपली पद्धत मांडली. तीच क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक, नर्सिंगच्या संशोधनातही वापरली जाणारी. लोकांना मत विचारायचं नाही, घडलेला प्रसंग विचारायचा. त्यात कुणी काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला, ते काढून घ्यायचं. असे शेकड्यांनी प्रसंग जमवले की कामात खरा फरक पाडणारी वर्तणूक कोणती, याचं चित्र आपोआप दिसायला लागतं. 'आपोआप' हा शब्द मी सैलपणे वापरला, कारण त्यामागे चिठ्ठ्या लावण्याची बरीच कंटाळवाणी मेहनत असते. तिच्याकडे पुढे येतोच.

फ्लॅनॅगन यांच्या दृष्टीने 'प्रसंग' म्हणजे माणसाची अशी कृती जी बघता येते आणि जी स्वतःपुरती इतकी पूर्ण असते की तिच्यावरून करणाऱ्याबद्दल काही अनुमान काढता येतं. तो 'क्रिटिकल' केव्हा? कृतीमागचा हेतू बघणाऱ्याला बऱ्यापैकी स्पष्ट असेल आणि तिच्या परिणामाबद्दल फारशी शंका उरत नसेल तेव्हा. या व्याख्येत रुग्ण अत्यवस्थ असावा, असं कुठेही म्हटलेलं नाही.

नर्सिंगमध्ये या तंत्राची पहिली गल्लत इथेच होते. हॉस्पिटलमध्ये 'क्रिटिकल' म्हणजे व्हेंटिलेटरवरचा पेशंट आणि 'इन्सिडंट' म्हणजे चूक झाली की भरून द्यावा लागणारा इन्सिडंट रिपोर्ट. हे दोन शब्द एकत्र ऐकले की सिस्टर एकतर कार्डिअ‍ॅक अरेस्ट सांगतात, नाहीतर सावध होऊन गप्प बसतात. 'गंभीर घटना' असं भाषांतर केलं तर आणखीच बिघडतं. सहभागी व्यक्तींशी बोलताना 'क्रिटिकल' हा शब्द वापरूच नये. 'लक्षात राहिलेला प्रसंग', 'फरक पडला असा प्रसंग' हे शब्द काम करतात. तंत्राचं अधिकृत नाव सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, आणि पद्धतीच्या प्रकरणात राहू दे, मुलाखतीच्या खोलीत आणू नका.

दुसरी गल्लत म्हणजे याच नावाशी मिळताजुळता, विद्यार्थ्यांकडून लिहून घेतला जाणारा चिंतनाचा निबंध. वॉर्डमधला एखादा प्रसंग निवडायचा, त्यावर आपल्याला काय वाटलं आणि आपण काय शिकलो ते लिहायचं. शिकवण्याची ती चांगली रीत आहे, पण तिथे एक प्रसंग आणि एक माणूस पुरतो. इथे एकट्या प्रसंगाला किंमत नाही, ढिगाला आहे. दोन्हींची सरमिसळ केलेले प्रबंध पुष्कळ दिसतात. शीर्षकात तंत्राचं नाव, आत आठ भावस्पर्शी कथा आणि शेवटी 'थीम्स'.

फ्लॅनॅगन यांनी पाच टप्पे सांगितले: कामाचा हेतू ठरवणं, निरीक्षणाचे नियम ठरवणं, प्रसंग गोळा करणं, त्यांचं विश्लेषण, आणि अर्थ लावून मांडणी. कागदावर पाचही सारख्या वजनाचे वाटतात. प्रत्यक्षात पहिले दोन कच्चे राहिले तर उरलेले तीन कितीही नेटाने केले तरी सावरत नाहीत.

हेतू एका वाक्यात बसला पाहिजे, आणि तेही त्या कामातल्या माणसाला पटेल अशा साध्या वाक्यात. इथून पुढे एकच उदाहरण धरू: ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला रुग्णांची माहिती देते ते. 'हँडओव्हरच्या गुणवत्तेचा अभ्यास करणे' हा हेतू नव्हे, तो विषय झाला. हेतू असा: 'पुढच्या ड्युटीवरच्या परिचारिकेला रुग्णाची काळजी खंड न पडता आणि इजा न होता पुढे चालवता यावी, हे हँडओव्हरचं काम आहे.' हे वाक्य पाच-सहा अनुभवी सिस्टर आणि इनचार्जना वाचून दाखवा. निम्म्या जणी म्हणाल्या, 'नाही हो, हँडओव्हर रेकॉर्ड पूर्ण करायला असतो,' तर तुमच्या हातात दोन वेगवेगळे हेतू आहेत आणि 'उपयोगी' कशाला म्हणायचं ते ठरलेलं नाही. एकीला जो प्रसंग चांगला वाटेल तोच दुसरीला वेळेचा अपव्यय वाटेल. आधी हे मिटवा.

मग नियम. कुठले वॉर्ड, कुठली ड्युटी, किती मागचा काळ, कुणी केलेली कृती, आणि प्रसंग मोजायचा की सोडायचा याच्या अटी. अटी चार पुरतात. परिस्थिती सांगितलेली हवी. कुणी काय केलं ते हवं. परिणाम हवा. आणि सांगणाऱ्याने ते स्वतः केलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं हवं. चौथी अट नर्सिंगमध्ये कडक पाळावी लागते, कारण वॉर्डमध्ये गाजलेला एखादा किस्सा दहा जणी सांगतात आणि त्यातली एकच तिथे हजर असते. शिवाय एकच प्रसंग दोघींकडून आला तर तो एकदा धरायचा की दोनदा, हेही आधीच ठरवून लिहून ठेवा. आकडे हातात आल्यावर असे नियम करायला बसलं की मन आपसूक सोयीच्या बाजूला झुकतं.

काळाबद्दल फ्लॅनॅगन यांच्याच लेखातली एक तुलना डोळे उघडणारी आहे. एका कारखान्यातल्या फोरमननी आपल्या हाताखालच्या कामगारांचे प्रसंग नोंदवायचे होते. रोज नोंद करणाऱ्या गटाकडून दोन आठवड्यांत ३१५ प्रसंग आले. आठवड्याने एकदा नोंद करणाऱ्यांकडून १५५, आणि दोन आठवडे संपल्यावर एकदम आठवून सांगणाऱ्यांकडून ६३. म्हणजे फक्त पंधरवड्यात पाचातले चार विस्मरणात गेले. आणि आपण बिनधास्त विचारतो, 'तुमच्या नोकरीच्या काळातला एखादा प्रसंग सांगा.' त्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते इतक्या वर्षांच्या गाळणीतून उरलेलं असतं: मृत्यू, भांडण, कौतुक. साधी, रोजची, पण काळजी घडवणारी किंवा बिघडवणारी कृती त्यात सापडत नाही.

म्हणून जमेल तिथे काळ आखडता घ्या. हँडओव्हरसारख्या रोज तीनदा होणाऱ्या गोष्टीला एक महिना पुष्कळ झाला. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला, म्हणजे उदाहरणार्थ मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणं, सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. मुलाखतीआधी तीन-चार दिवस प्रश्न हातात द्या आणि खिशात मावेल अशी छोटी वही द्या, ड्युटी संपताना दोन शब्द टिपण्यापुरती. 'बेड ९, ऑक्सिजन, रात्र' एवढं लिहिलेलं असलं तरी मुलाखतीत पूर्ण प्रसंग उभा राहतो. रुग्णाचं नाव मात्र त्या वहीत नको, आणि मुलाखतीनंतर वही परत घेऊन नष्ट करायची, हे संमतिपत्रात आधीच लिहा.

आठवणीवर भरवसा किती ठेवायचा? फ्लॅनॅगन यांची कसोटी व्यवहारी आहे. तपशील भरगच्च आणि नेमके असतील तर माहिती बहुधा बरोबर आहे. उत्तर गोल, गुळगुळीत असेल तर घटना नीट आठवत नाही, किंवा सांगायची नाही.

आता प्रश्न. सगळा अभ्यास एका प्रश्नाच्या शब्दांवर उभा असतो, आणि त्यातला एक शब्द हलला तरी येणारे प्रसंग बदलतात. 'फार उपयोगी पडलं' असं विचारलं तर पराक्रम येतात, नुसतं 'उपयोगी पडलं' म्हटलं तर रोजचं काम येतं. हँडओव्हरसाठी चालेल असा एक नमुना:

'गेल्या महिन्याभरात हँडओव्हर देताना किंवा घेताना कुणीतरी, तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्या कुणी, असं काहीतरी केलं ज्यामुळे रुग्णाच्या काळजीत चांगला फरक पडला. असा अगदी अलीकडचा एक प्रसंग आठवा. आठवला की मला सांगा.'

इथे थांबायचं, तेही खरोखर. पंधरा-वीस सेकंदांची शांतता मुलाखत घेणाऱ्याला तासासारखी वाटते आणि तो उदाहरण द्यायला लागतो, 'म्हणजे बघा, औषधाची वेळ वगैरे...' झालं. पुढचे तीन प्रसंग औषधाच्या वेळेचे येतात. 'अलीकडचा' हा शब्दही मुद्दाम आहे. तो नसला तर माणूस सगळ्यात मोठा प्रसंग शोधत बसतो.

प्रसंग सापडला की पाठोपाठचे प्रश्न ठरलेले. त्याआधी काय परिस्थिती होती? त्या व्यक्तीने नेमकं काय केलं? त्यामुळे काय झालं? ते केलं नसतं तर काय झालं असतं? हे तुम्हाला कशावरून कळलं? केव्हाची गोष्ट? त्या व्यक्तीचं काम आणि साधारण अनुभव किती? मग तोच प्रश्न उलट बाजूने: काळजीत अडथळा आला, असा प्रसंग. सुरुवात चांगल्या बाजूने करा. उलट्या बाजूने सुरू केलं तर पुढच्या पाऊण तासाची ऊर्जा स्वतःचा बचाव करण्यात जाते. आणि 'तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्या कुणी' हे दोन्हीकडे ठेवा. ते गाळलं तर चांगले प्रसंग सगळे स्वतःचे आणि वाईट सगळे दुसऱ्या ड्युटीचे, अशी वाटणी होते. तरी ती थोडी होतेच. म्हणून प्रत्येक प्रसंगापुढे 'स्वतः' की 'पाहिलेलं' ही नोंद ठेवा आणि निकालात दोन्हींचे आकडे वेगळे द्या.

एक तुकडा जवळून पाहू. हा नमुन्यासाठी रचलेला आहे, पण अशी मुलाखत घेतलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

'त्या दिवशी हँडओव्हर नीट झालाच नाही. सकाळच्या ड्युटीवाल्या नेहमी घाईत असतात.'

'त्या दिवशी काय झालं?'

'ऑपरेशनचा पेशंट होता, दुसरा दिवस. सगळं ठीक आहे, असं सांगितलं गेलं.'

'कुणी सांगितलं? तेव्हा तुम्ही दोघी कुठे होतात?'

'सकाळच्या सिस्टरनी. काउंटरपाशीच. बेडपाशी गेलोच नाही आम्ही. नंतर मी फाइल उघडली तर कॅथेटर काढून सात तास झाले होते आणि लघवी झाल्याची नोंद नव्हती.'

'मग तुम्ही काय केलंत?'

'पेशंटला विचारलं, तर झालीच नव्हती. पोटाला हात लावून बघितला, ब्लॅडर भरलेलं लागलं. डॉक्टरांना फोन केला. पुन्हा कॅथेटर घातलं तर आठशे एमएल निघाली.'

पहिलं उत्तर तिथेच सोडलं असतं तर हाती लागलं असतं 'घाई'. चार प्रश्नांनंतर हाती काय लागलं बघा: रुग्णापाशी न जाता काउंटरवर हँडओव्हर देणं, कॅथेटर काढल्याची वेळ आणि लघवी व्हायची बाकी आहे हे न सांगणं, घेणाऱ्या सिस्टरने फाइल स्वतः पडताळणं, आणि फोन करण्याआधी पोट तपासणं. प्रसंग एक, कृती चार, त्यांतल्या दोन अडथळ्याच्या आणि दोन उपयोगी. परिणाम तर मिलिलिटरमध्ये मोजलेला.

मराठीत मुलाखत घेणाऱ्याला कानाने पकडता येतील अशा तीन खुणा या तुकड्यात आहेत. 'नेहमी घाईत असतात' हे रीतीचं क्रियापद आहे. 'असतात', 'करतो', 'सांगत असतो' ऐकू आलं की समजावं, आपण प्रसंगातून बाहेर पडलो आणि मतात शिरलो. लगेच 'त्या दिवशी' म्हणून परत आणायचं. 'सांगितलं गेलं', 'राहून गेलं', 'दिलं गेलं नव्हतं' या रचनांत कर्ता लपलेला असतो. नाव नको, पण भूमिका हवी: कुणी? आणि 'आम्ही' म्हणजे दर वेळी एकच गोष्ट नसते. 'आम्ही पेशंटला वळवलं' म्हणजे दोघींनी मिळून की एकीने, हे विचारल्याशिवाय कळत नाही. भूतकाळी क्रियापद आणि उघड कर्ता असलेली वाक्यं उतरवून काढलेल्या मुलाखतीत हायलाइट करून बघा. मुलाखत भरली की पोकळ गेली, ते पान उलटताच कळतं.

पहिल्या दोन-तीन मुलाखती घेतल्या की थांबा. त्या पूर्ण उतरवून काढा, चार अटी लावा, किती प्रसंग टिकतात ते मोजा आणि मगच पुढची वेळ ठरवा. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, म्हणून बरेच जण सगळ्या मुलाखती उरकून मग लिहायला बसतात. तेव्हा कळतं की प्रश्न चुकला होता, आणि तोवर वॉर्डची परवानगी संपलेली असते.

छापील फॉर्म वाटून प्रसंग लिहून घेणं स्वस्त पडतं, पण ड्युटी संपलेली सिस्टर उभ्या उभ्या दोन ओळी लिहिते आणि त्यांत परिणाम बहुधा नसतो. फॉर्म वापरायचाच असेल तर तीन वेगळे चौकोन द्या: 'काय परिस्थिती होती', 'कुणी काय केलं', 'पुढे काय झालं'. एकच मोठी मोकळी जागा दिली तर निबंध येतो.

रुग्णांकडून प्रसंग घेताना आणखी एक अडचण उभी राहते. 'खास असं काही नाही, सगळे चांगले आहेत' हे नेहमीचं उत्तर, आणि अजून वॉर्डमध्येच असलेल्या रुग्णाला ते सोयीचंही असतं. इयान नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रुग्ण आणि त्यांच्या परिचारिका या दोघांकडून चांगल्या-वाईट शुश्रूषेची लक्षणं काढताना फ्लॅनॅगनच्या चौकटीला इथेच हात घातला. सांगणाऱ्याच्या मनात प्रसंगाला दर वेळी ठळक सुरुवात आणि शेवट नसतो. तो एका सांगण्यात अनेक अनुभव गुंफतो. म्हणून विश्लेषणाचं एकक अख्खा प्रसंग न धरता त्यातून उघड होणाऱ्या लहान लहान घडामोडी धराव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. नर्सिंगसाठी मला ते पटतं. 'रात्री दोनदा येऊन बघून जायची, काही बोलायची नाही, पण बघून जायची' याला सुरुवात-शेवट नाही, तरी कृती आहे आणि तिचा परिणामही रुग्ण सांगू शकतो. फक्त आपण मूळ व्याख्या पाळतो आहोत की ही सैल केलेली, ते लिहिलं पाहिजे. एका प्रकरणात फ्लॅनॅगनचा दाखला आणि दुसऱ्यात 'सहभागींच्या जाणिवा', ही ओढाताण परीक्षक पहिल्या वाचनात पकडतो.

नमुना किती घ्यायचा, हा प्रश्न गाईडपासून एथिक्स कमिटीपर्यंत सगळे विचारतात, आणि सगळे माणसांचा आकडा मागतात. या तंत्रात नमुना प्रसंगांचा असतो. फ्लॅनॅगन यांच्या मते अगदी साध्या कामाला ५० किंवा १०० प्रसंग पुरतात, गुंतागुंतीच्या कामाला काही हजार लागू शकतात. थांबायची खूण: नवे १०० प्रसंग जोडल्यावर जेमतेम दोन-तीन नव्या कृती मिळाल्या, की पुरेसं झालं. पदव्युत्तर प्रबंधात हजारांची भाषा शक्य नसते. वीस परिचारिका, प्रत्येकीकडून चार ते सहा टिकाऊ प्रसंग, म्हणजे शंभराच्या आसपास, हा एका वॉर्डातल्या एका ठरावीक कामासाठी रास्त अंदाज आहे. त्यासोबत एक तक्ता ठेवा: दर दहा प्रसंगांनंतर किती नव्या कृती आल्या. पहिल्या दहांत पंधरा, पुढच्या दहांत नऊ, मग सहा, चार, एक, एक, शून्य असा उतार दिसला, तर 'सॅच्युरेशन झालं', म्हणजे नवं काही मिळायचं थांबलं, हे नुसतं विधान राहत नाही, ते दाखवता येतं.

विश्लेषणाला सुरुवात करताना प्रत्येक कृतीची एक चिठ्ठी किंवा स्प्रेडशीटमधली एक ओळ करा. रकाने: प्रसंग क्रमांक, सहभागी क्रमांक, उपयोगी की अडथळा, स्वतः की पाहिलेलं, परिस्थिती, कृती, परिणाम, आणि उतरवलेल्या मुलाखतीतलं मूळ वाक्य. शेवटचा रकाना आळसाने गाळू नका. दीड महिन्याने 'नीट सांगितलं नाही' असं त्रोटक लिहिलेली ओळ कुठून आली, ते आठवत नाही.

मग गठ्ठे लावायचे. सारख्या कृती एकत्र, त्यांना तात्पुरतं नाव, पुढच्या चिठ्ठ्या आल्या की नाव आणि गठ्ठा दोन्ही मोडायची तयारी. इथली सगळ्यात मोठी घसरण नावांची. 'संवाद', 'सांघिक भावना', 'जाणीव', 'दस्तऐवजीकरण' ही नावं दिली की आपण पुन्हा १९४१ च्या शेऱ्यांवर येऊन बसलो. वर्गाचं नाव क्रियापदाने संपलं पाहिजे: 'बेडपाशी जाऊन रुग्णासमोर माहिती देणं', 'बाकी राहिलेलं काम वेळेसह सांगणं', 'ऐकलेला डोस उलट वाचून खात्री करणं'. नाव वाचून नवी सिस्टर ती कृती करून दाखवू शकत नसेल, तर नाव चुकलं. वर्ग किती बारीक करायचे हे वापरावर ठरतं. प्रशिक्षणासाठी बारीक हवेत, धोरणासाठी थोडे ठोक चालतात. शंभर प्रसंगांतून चाळीस वर्ग निघाले तर तुम्ही फक्त यादी केली आहे. चार निघाले तर तुम्ही प्रसंग न वाचताही ते लिहू शकला असता.

काम सुरू करण्याआधी दहा टक्के चिठ्ठ्या न वाचता बाजूला काढून ठेवा. वर्ग पक्के झाले की त्या उघडा. सगळ्या कुठे ना कुठे बसल्या तर ठीक. दोन-तीन बाहेर राहिल्या तर वर्ग अजून कच्चे आहेत.

दुसऱ्या व्यक्तीची पडताळणी हवीच. साधारण पाव हिस्सा चिठ्ठ्या आणि वर्गांची व्याख्या द्या, तुमची विभागणी दाखवू नका. ६० पैकी ४८ चिठ्ठ्या दोघांनी एकाच वर्गात टाकल्या, तर एकमत ८० टक्के. हा आकडा चांगला दिसतो, पण एका ठिकाणी फसवतो. उपयोगी की अडथळा, असे दोनच रकाने आहेत आणि दोघेही ९० टक्के चिठ्ठ्या 'उपयोगी'त टाकतात असं समजा. डोळे मिटून टाकल्या तरी योगायोगाने ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ८२ टक्के एकमत होईल. प्रत्यक्षात ८५ टक्के आलं, तर योगायोगावरची कमाई तीन टक्के, उरलेल्या अठरांपैकी. कोहेनचा कॅप्पा, म्हणजे योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा, ०.१७ च्या आसपास येतो, आणि तो चांगला नाही. असा एकतर्फी ढीग असेल तर टक्क्यांबरोबर कॅप्पाही द्या. आकड्यापेक्षा मोलाचं म्हणजे ६० पैकी मतभेद झालेल्या त्या बारा चिठ्ठ्या. त्या समोर ठेवून बोललं की वर्गाची व्याख्या कुठे पातळ आहे ते नेमकं दिसतं.

ली बटरफील्ड आणि सहकाऱ्यांनी समुपदेशनाच्या क्षेत्रात हे तंत्र वाढवताना विश्वासार्हतेच्या नऊ तपासण्या सुचवल्या. त्यांतली सहभागाच्या प्रमाणाची तपासणी नर्सिंगमध्ये हमखास वापरावी. वर्गात किती प्रसंग आहेत हे न बघता ते किती जणींकडून आले ते मोजायचं, आणि किमान २५ टक्के सहभागींनी उल्लेख केला असेल तरच वर्ग पक्का धरायचा. वीस जणींच्या अभ्यासात 'डॉक्टरांच्या राउंडमुळे हँडओव्हर तुटणं' या वर्गात चौदा प्रसंग असतील, पण ते सगळे दोघींनीच सांगितले असतील, तर तो वर्ग त्या दोघींच्या त्राग्याचा आहे. टाकून देऊ नका, पण पहिल्या क्रमांकावरही ठेवू नका.

नैतिक बाजू इथे नेहमीच्या संमतिपत्राने भागत नाही, कारण तुम्ही लोकांकडून चुका मागता आहात. चालू असलेली इजा, म्हणजे आजही कुणाला धोका आहे असं काही मुलाखतीत आलं, तर गोपनीयता कुठे थांबेल, तुम्ही कुणाला कळवाल, हे सुरुवातीलाच तोंडी आणि लेखी सांगावं लागतं. नावं घेऊ नका, असंही आधीच सांगा. तरी घेतली जातात, ती उतरवताना काढा. नाव काढूनही ओळख उरते, हे विसरलं जातं. 'रात्रपाळी, बर्न्स वॉर्ड, इन्सुलिनऐवजी हेपॅरिन' एवढं छापलं की त्या हॉस्पिटलमधल्या प्रत्येकाला माणूस कळतो. अवतरणात वॉर्डचा प्रकार, पाळी आणि औषध यांपैकी दोन गोष्टी ढोबळ करा, कृती मात्र जशीच्या तशी ठेवा. आणि मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच वॉर्डची इनचार्ज असेल तर अडथळ्याचे प्रसंग सगळे दुसऱ्या वॉर्डचे निघतील.

निकाल लिहिताना एक वाक्य फार वेळा चुकतं: 'हँडओव्हरमधल्या ४० टक्के चुका औषधांच्या असतात.' तुमच्याकडे घडलेल्या चुकांचा नमुना नाही, आठवलेल्या आणि सांगितलेल्या प्रसंगांचा आहे. '१०४ पैकी ४२ अडथळ्याचे प्रसंग औषधांबाबत होते' इथपर्यंतच जाता येतं. एखाद्या प्रकारचा प्रसंग एकदाही आला नाही याचा अर्थ तो घडत नाही असाही नाही. तो इतका रोजचा असेल की कुणाला सांगण्यासारखा वाटत नसेल.

अडथळ्याच्या यादीत माणसाची कृती आणि तिच्यामागची परिस्थिती वेगळी मांडा. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी याच धर्तीवर वैमानिकांकडून चुकांचे प्रसंग जमवले. 'पायलट एरर' म्हणून नोंदलेल्या कितीतरी गोष्टींमागे शेजारी शेजारी बसवलेल्या, सारख्या दिसणाऱ्या मुठी निघाल्या, चाकांची एक आणि पंखांवरच्या फ्लॅपची दुसरी. आपल्या प्रसंगातही परिस्थितीचा रकाना नीट भरलेला असेल तर दिसेल की काउंटरवरचे हँडओव्हर बहुतेक त्याच पाळीत होतात जिच्यात एक सिस्टर दोन बाजूंचे रुग्ण बघते आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी घेणारी येते. तो रकाना रिकामा असेल तर अहवालात उरतं, 'सिस्टरनी बेडपाशी जावं.' ते तर त्यांना आधीपासून माहीत असतं.

टाकून दिलेल्या प्रसंगांचाही हिशोब द्या. एकूण किती मिळाले, कुठल्या अटीवर किती गळले. परिणामाच्या अटीवर सगळ्यात जास्त गळले असतील तर पुढचा अभ्यास करणाऱ्याला कळतं की प्रश्न कुठे वाढवायचा. आणि मुलाखतीचा मूळ प्रश्न, शब्दन् शब्द, परिशिष्टात नको, पद्धतीच्या मजकुरातच छापा. मुलाखत मराठीत घेतली आणि प्रबंध इंग्रजीत लिहिला तर मूळ मराठी वाक्यही शेजारी ठेवा. परीक्षकाला 'सिग्निफिकंट इव्हेंट' दिसतं, आणि सिस्टरने ऐकलेलं असतं 'गंभीर घटना'.